ओळीचा अदृश्य शेवट

कागदावर लिहिताना ओळ कोठे संपली हे वेगळे सांगावे लागत नाही. लिहिणाऱ्याचा हात कागदाच्या उजव्या कडेशी आला की तो आपोआप खाली उतरतो व डावीकडून नवी ओळ धरतो. वाचणाऱ्याचा डोळाही तेच करतो. संगणकाला मात्र हातही नाही आणि डोळाही नाही. त्याच्या दृष्टीने मजकूर म्हणजे एकामागून एक ओवलेल्या संख्यांची एकच लांबच लांब माळ होय. या माळेत ओळ संपल्याची खूण घातलेली असेल तरच ओळ संपते, आणि ती खूणदेखील इतर अक्षरांप्रमाणे एक संख्याच असते.

ही खूण कोणत्या संख्येने करावयाची याविषयी संगणक बनविणाऱ्यांत एकमत झाले नाही. परिणामी एका प्रकारच्या संगणकावर लिहिलेली फाईल दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर नेली असता कधी सारा मजकूर एकाच ओळीत गोळा होतो, तर कधी निर्दोष आज्ञावली चालेनाशी होते. यावर उपाय आहे व तो वरवर पाहता अगदी सोपा आहे. तथापि शेकडो फाईलींवर तो एकदम करावयाचा असेल, तर त्यामागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे ठरते. कारण येथे चूक झाली तर ती डोळ्यांस दिसत नाही आणि पुष्कळदा फार उशिरा उघडकीस येते.

गाडा आणि रूळ

या मतभेदाचे मूळ संगणकाहून जुन्या यंत्रांत आहे. टंकलेखन यंत्रावर कागद एका रुळाभोवती गुंडाळलेला असे आणि तो रूळ एका सरकत्या गाड्यावर बसविलेला असे. प्रत्येक अक्षर उमटले की गाडा एक घर डावीकडे सरके. ओळ संपत आली की घंटी वाजे, आणि मग टंकलेखक दांडी ओढून दोन निरनिराळी कामे एकाच झटक्यात करी: रूळ थोडा फिरवून कागद एक ओळ वर सरकविणे आणि गाडा मूळ जागी परत नेणे.

टेलिप्रिंटरच्या बाबतीत यंत्राजवळ माणूस नसे. दूरच्या गावाहून तारेने येणाऱ्या विद्युत् संकेतांवर ते चाले. म्हणून ही दोन कामे करविण्यासाठी दोन स्वतंत्र संकेत लागले. न्यूझीलंडचे डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास तयार केलेल्या संकेतावळीत अशा नियंत्रक संकेतांना जागा मिळाली. छापणारा भाग ओळीच्या आरंभी परत आणणाऱ्या संकेतास ‘कॅरेज रिटर्न’ आणि कागद एक ओळ पुढे सरकविणाऱ्या संकेतास ‘लाइन फीड’ असे नाव पडले. भारतातील तारघरांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जी टेलिप्रिंटर यंत्रे अनेक वर्षे खडखडत राहिली, त्यांतही हेच दोन संकेत काम करीत. अशी यंत्रे देशातच बनविण्यासाठी मद्रास येथे १९६० मध्ये हिंदुस्तान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता.

दोन संकेत वेगळे असण्याचा एक फायदाही होता. १९६० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरलेले ‘टेलिटाइप ३३’ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. छापणारे शीर्ष उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत परत येण्यास एक दशांश सेकंदाहून अधिक वेळ लागे. म्हणून आधी कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड असा क्रम ठेवीत. शीर्ष माघारी धावत असता दुसरा संकेत येई, कागद सरके आणि तेवढ्यात शीर्ष जागेवर पोहोचे. क्रम उलटा ठेवला, तर पुढच्या ओळीचे पहिले अक्षर मध्येच कोठेतरी छापले जाण्याचा संभव असे.

एका खुणेची तीन रूपे

१९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ ही प्रमाण संकेतावळी प्रसिद्ध झाली. तीत ० ते १२७ या संख्यांना अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि नियंत्रक संकेत नेमून दिलेले आहेत. लाइन फीडला १० आणि कॅरेज रिटर्नला १३ हे क्रमांक मिळाले. पुढील विवेचनात सोयीसाठी या खुणांचा उल्लेख ‘दहा’ आणि ‘तेरा’ असाच केला आहे.

संगणकाच्या साठ्यात गाडाही नसतो आणि रूळही नसतो. मग ओळ संपल्याची खूण म्हणून दोन संकेत कशाला हवेत, असा प्रश्न सहजच पुढे आला. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी ज्या ‘युनिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार चालविणाऱ्या प्रणालीचा, पाया घातला, तीत केवळ ‘दहा’ पुरेसा मानला गेला. हीच रीत त्यापूर्वीच्या ‘मल्टिक्स’ या प्रणालीत होती. छापताना यंत्रास ‘तेरा’ हवाच असेल, तर तो त्या यंत्राकडे मजकूर पाठविणारा उपक्रम आयत्या वेळी घाली. युनिक्सच्या वळणावर घडलेल्या ‘लिनक्स’नेही ही पद्धत स्वीकारली.

दुसरी परंपरा छोट्या संगणकांची. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी रचलेल्या ‘सीपी-एम’ या प्रणालीने ‘तेरा-दहा’ ही जोडी फाईलीतही तशीच ठेवली. तिच्यावरून १९८१ मधील ‘एमएस-डॉस’ने आणि त्यावरून ‘विंडोज’ने ती उचलली. तिसरी परंपरा ‘अ‍ॅपल’ची, १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ संगणकावर केवळ ‘तेरा’ हीच ओळीची खूण होती. २००१ मध्ये ‘मॅक ओएस टेन’ ही युनिक्सच्या वंशातील प्रणाली आली आणि या संगणकांनीही ‘दहा’ पत्करला. त्यामुळे सांप्रत मुख्यतः दोनच रीती प्रचारात आहेत. केवळ ‘तेरा’ ही जुन्या फाईलींत आढळते.

एका लहान उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होईल. एका फाईलीत रोमन लिपीतील दोन ओळी आहेत. पहिलीत चार अक्षरे, दुसरीत तीन. प्रत्येक अक्षरास एक बाइट, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावणारे एक घर, लागते. युनिक्सवर ही फाईल ४ + १ + ३ + १ म्हणजे ९ बाइटांची होईल, तर विंडोजवर ४ + २ + ३ + २ म्हणजे ११ बाइटांची. दोन्ही फाईली पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतील. संगणकास मात्र त्या भिन्न आहेत.

न दिसणाऱ्या खुणेचे दिसणारे परिणाम

विंडोजवर लिहिलेली फाईल लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अनोळखी ‘तेरा’ शिल्लक राहतो. काही संपादक उपक्रम तो रोमन ‘एम’ या अक्षरामागे एक टोपीसारखी खूण लावून दाखवितात. याचे कारण मौजेचे आहे: ‘एम’ हे रोमन वर्णमालेतील तेरावे अक्षर होय. जेथे तो दाखविला जात नाही, तेथे घोटाळा अधिक होतो. युनिक्सवरील अनेक लहान आज्ञावलींच्या पहिल्या ओळीत ती आज्ञावली कोणत्या उपक्रमाने चालवावी याचे नाव असते. त्या नावाला ‘तेरा’ चिकटलेला असेल, तर प्रणाली ‘तेरा’सह ते नाव शोधते, अर्थात असा उपक्रम कोठेच सापडत नाही. “अशी फाईल नाही” असे उत्तर मिळते आणि लिहिणारा मात्र समोर दिसणाऱ्या, अगदी बरोबर असलेल्या नावाकडे पाहत राहतो.

याद्यांच्या बाबतीतही असेच घडते. गावांच्या यादीतून वाचलेले ‘पुणे’ हे नाव ‘पुणे’ अधिक ‘तेरा’ असे असेल, तर संगणक ते ‘पुणे’शी जुळत नाही असाच निर्णय देईल. उलट दिशेने जाताना दुसरा प्रकार होई. विंडोजचा ‘नोटपॅड’ हा साधा संपादक अनेक वर्षे केवळ ‘दहा’ला ओळीची खूण मानीत नसे, त्यामुळे युनिक्सवरील फाईल त्यात एकाच अखंड ओळीसारखी दिसे. २०१८ मध्ये त्यात सुधारणा झाली.

रूपांतराचा नियम

‘दहा’च्या जागी ‘तेरा-दहा’ घालावे की झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु फाईलीत आधीच ‘तेरा-दहा’ असेल, तर त्यातील ‘दहा’पूर्वी आणखी एक ‘तेरा’ बसेल आणि ‘तेरा-तेरा-दहा’ अशी विचित्र साखळी तयार होईल. तेच काम पुन्हा केले, तर तिसरा ‘तेरा’ येईल. अनेकांचे हात लागलेल्या फाईलींत काही ओळी एका रीतीच्या व काही दुसऱ्या रीतीच्या असणे नित्याचेच असल्याने ही चूक वारंवार घडते.

म्हणून योग्य नियम दोन पायऱ्यांचा आहे. आधी सर्व खुणा एकाच रूपात आणाव्यात: प्रथम ‘तेरा-दहा’ या प्रत्येक जोडीचा एक ‘दहा’ करावा, त्यानंतर एकटा उरलेला प्रत्येक ‘तेरा’ हाही ‘दहा’ करावा. विंडोजची रीत हवी असेल, तरच त्यापुढे प्रत्येक ‘दहा’चे ‘तेरा-दहा’ करावे. या क्रमाने केलेले रूपांतर कितीही वेळा केले तरी दुसऱ्या वेळेपासून फाईलीत काहीही बदलत नाही. चांगल्या रूपांतराची हीच पहिली कसोटी होय.

यात एक बारकावा आहे. मोठी फाईल संगणक तुकड्यातुकड्यांनी वाचतो. एखाद्या तुकड्याच्या अगदी शेवटी ‘तेरा’ आणि पुढच्या तुकड्याच्या आरंभी ‘दहा’ आला, तर निष्काळजीपणे रचलेला उपक्रम त्यांना दोन वेगळ्या खुणा समजतो आणि मजकुरात एक कोरी ओळ घुसते. यास्तव तुकडा ‘तेरा’ने संपला तर पुढील बाइट पाहिल्यावाचून निर्णय घेऊ नये.

जे मजकूर नव्हे त्याचे काय?

आतापर्यंत सांगितलेला दोष मजकुरापुरता आहे आणि तो दुरुस्त करता येतो. खरा धोका निराळाच आहे. आज्ञावलींच्या संग्रहात चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि दाबून लहान केलेली सामग्री यांच्याही फाईली असतात. त्यांतही १० आणि १३ या संख्या येतात. परंतु तेथे त्यांचा ओळीशी काहीच संबंध नसतो. चित्रातील १० ही एखाद्या ठिपक्याची छटा असू शकेल. तिच्याआधी १३ घातली की पुढील सर्व संख्या एकेक घर सरकतात आणि चित्र निकामी होते. उलट फिरवूनही ते दुरुस्त होईलच असे नाही. कारण त्यात मुळात असलेल्या ‘तेरा-दहा’ या जोड्या आणि रूपांतराने निर्माण झालेल्या जोड्या यांतील भेद आता कोणालाच ओळखता येत नाही.

या धोक्याची जाणीव ठेवून एक चित्रप्रकार मोठ्या दूरदृष्टीने रचला गेला. १९९६ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या ‘पीएनजी’ प्रकारातील प्रत्येक फाईल पुढील आठ संख्यांनी सुरू होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतील ८०, ७८ आणि ७१ ही या प्रकाराच्या नावाची तीन रोमन अक्षरे होत. पुढील ‘तेरा-दहा’ ही जोडी मुद्दाम ठेवलेली आहे. कोणी जोड्यांचे एकेरी ‘दहा’ केले तर ती येथेच मोडते. शेवटचा एकटा ‘दहा’ही मुद्दाम आहे, कोणी उलट रूपांतर केले तर तेथे ‘तेरा’ उगवतो. त्यामुळे फाईल बिघडली आहे की नाही हे पहिल्या आठ-नऊ बाइटांतच कळते. दाराशी पहारेकरी उभा करावा, तशी ही योजना आहे. मात्र पहारेकरी चोरी झाल्याचे सांगतो. गेलेला माल परत आणीत नाही.

‘पाऊस’ या शब्दाची कथा

मजकूर आहे म्हणजे रूपांतर निर्धोक, असेही नाही. देवनागरी लिपीसाठी हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतावळीत प्रत्येक अक्षरास एक क्रमांक आहे. परंतु तो फाईलीत लिहिण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरी अक्षरास तीन बाइट लागतात आणि ते तिन्ही १२८ किंवा त्याहून मोठे असतात. उदाहरणार्थ, ‘ऊ’ हे अक्षर २२४, १६४, १३८ असे लिहिले जाते. त्यात १० किंवा १३ येणे शक्यच नसल्याने या पद्धतीतील मराठी मजकुराचे रूपांतर सुखाने करता येते.

‘यूटीएफ-१६’ या पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी अक्षरास दोनच बाइट असतात, आणि योगायोग असा की ‘ऊ’चे बाइट ९ आणि १०, तर ‘ऍ’चे ९ आणि १३ आहेत. आता ‘पाऊस’ हा शब्द घ्यावा. तो असा लिहिला जातो: ‘प’ म्हणजे ९, ४२, काना म्हणजे ९, ६२, ‘ऊ’ म्हणजे ९, १०, ‘स’ म्हणजे ९, ५६. बाइटांकडे पाहूनच काम करणाऱ्या उपक्रमाने यातील ‘दहा’पूर्वी ‘तेरा’ घातला, तर माळ ९, ४२, ९, ६२, ९, १३, १०, ९, ५६ अशी होते. संगणक पुन्हा दोन-दोनच्या जोड्या लावतो. ‘पा’ शाबूत राहतो. त्यानंतर ‘ऊ’च्या जागी ‘ऍ’ येतो. १० व ९ मिळून गुरुमुखी लिपीतील ‘उ’ होतो. आणि ५६ या संख्येची जोडी शब्दानंतरच्या कोऱ्या जागेच्या पहिल्या बाइटाशी जमून त्यातून एक चिनी चित्राक्षर निर्माण होते. तेथून पुढचा मजकूर एका घराने सरकल्यामुळे दुसरा ‘दहा’ भेटेपर्यंत वाचण्याजोगा राहत नाही.

‘भाऊ’, ‘ऊन’, ‘ऊस’, ‘घेऊन’, ‘जाऊन’ असे शब्द मराठीत पानोपानी येतात. म्हणजे इंग्रजी मजकुरावर तपासून निर्दोष ठरविलेली रीत मराठी मजकुरावर पहिल्याच परिच्छेदात फसू शकते. म्हणून फाईल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे हे जाणून, बाइट न मोजता अक्षरे मोजूनच रूपांतर करणे, हाच यावरील उपाय होय.

शेकडो फाईलींचे काम

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे मोठ्या संग्रहाचे रूपांतर कोणत्या क्रमाने करावे ते उघड होते. सर्वप्रथम संपूर्ण संग्रहाची प्रत वेगळ्या जागी ठेवावी. त्यानंतर फाईलींची विभागणी करावी. नावाच्या शेवटी असलेल्या प्रकारदर्शक अक्षरांवरून बरेच कळते. शिवाय एक जुनी कसोटी उपयोगी पडते. साध्या मजकुरात ० हा बाइट सहसा येत नाही, चित्रादी फाईलींत तो वारंवार येतो. म्हणून ज्या फाईलीत ० आढळेल ती बाजूला काढावी. यूटीएफ-१६ मधील मजकूरही या कसोटीस बहुधा अडकतो, आणि तो वेगळा हाताळावयाचा असल्याने तेही इष्टच आहे.

तिसरी पायरी गणनेची. प्रत्येक फाईलीत ‘तेरा-दहा’ जोड्या किती, एकटे ‘दहा’ किती आणि एकटे ‘तेरा’ किती हे आधी मोजावे. समजा, एका फाईलीत ४०० जोड्या आणि २५ एकटे ‘दहा’ आहेत. युनिक्सच्या रीतीत नेल्यावर ‘दहा’ची संख्या बरोबर ४२५ व्हावयास हवी, एकही ‘तेरा’ उरता कामा नये आणि फाईल नेमकी ४०० बाइटांनी लहान व्हावयास हवी. विंडोजच्या रीतीत नेल्यास ती नेमकी २५ बाइटांनी वाढेल. हिशोब एका बाइटाने जरी चुकला, तरी ती फाईल पुन्हा तपासावी. नवी फाईल जुनीवर थेट न लिहिता वेगळी लिहावी आणि पडताळा जमल्यावरच तिची जागा बदलावी. म्हणजे मध्येच वीज गेली तरी मूळ फाईल शाबूत राहते.

सर्व फाईलींना एकच नियम लावणेही चुकीचे ठरेल. युनिक्सच्या आज्ञा-फाईलींस ‘दहा’च हवा, विंडोजच्या ‘बॅच’ फाईलींस ‘तेरा-दहा’ हवा. ज्या फाईलीवर अंकीय स्वाक्षरी झालेली आहे, तिच्यातील एक बाइट बदलला तरी स्वाक्षरी अग्राह्य ठरते. अशा फाईलीस हात लावू नये.

कायमची व्यवस्था

एकदा केलेले रूपांतर टिकवावयाचे तर रोजच्या कामातच तशी व्यवस्था हवी. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या उपक्रमात आज्ञावलींच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणत्या प्रकारच्या फाईली मजकूर समजावयाच्या, कोणत्या मुळीच बदलावयाच्या नाहीत आणि कोणास कोणती खूण द्यावयाची हे त्यात एका छोट्या नियमपत्रिकेत लिहून ठेवता येते. मग मूळ साठ्यात ‘दहा’ राहतो आणि नियमाप्रमाणे ज्याच्या त्याच्या संगणकावर योग्य ती खूण उतरते. येथेही एक पथ्य पाळावे. ओळींच्या खुणा बदलल्या की फाईलीतील प्रत्येक ओळ बदलल्याची नोंद होते. त्याच वेळी आज्ञावलीतही दुरुस्ती केली, तर ती एक खरी दुरुस्ती हजारो नाममात्र बदलांत हरवून जाते. म्हणून खुणांचे रूपांतर स्वतंत्र नोंदीने करावे आणि त्या नोंदीत दुसरे काहीही मिसळू नये.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शीर्ष माघारी नेणारी आणि कागद सरकविणारी यंत्रे त्यापूर्वीच वापरातून गेली होती. तरी त्यांना दिलेल्या त्या दोन आज्ञा जगातील असंख्य फाईलींत अद्याप जिवंत आहेत. एका काळी त्या यंत्राच्या गतीशी निगडित होत्या. आज त्या केवळ संकेत म्हणून उरल्या आहेत. संकेत पाळणाऱ्या दोघांना त्याचा अर्थ सारखाच ठाऊक असला, तरच तो उपयोगी पडतो. म्हणून फाईल दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तिच्यात ओळ कोणत्या खुणेने संपते हे पाहून घेणे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे प्राथमिक कर्तव्य समजले पाहिजे.